मुंबईतल्या जुन्या इमारतीचं वय कसं वाचावं

गिरगाव, लालबाग, माझगाव किंवा दादरच्या कुठल्याही जुन्या इमारतीत "ही बिल्डिंग कधीची?" असं विचारलं की "शंभर वर्षं सहज झाली असतील" हे उत्तर ठरलेलं. कधी ते बरोबर असतं, कधी तीस-चाळीस वर्षांनी चुकतं. एरवी चुकलं तरी बिघडत नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असेल, उपकराचा (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीच्या कराचा) वर्ग ठरवायचा असेल, पुनर्विकासाची बोलणी चालू असतील किंवा कुणी चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवायला निघालं असेल, तर इमारत कधीची आणि कशाची हे नेमकं कळलेलं बरं. इथली माहिती कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावरच्या शहरापुरती आहे. उपनगरांची कागदपत्रं आणि कायदे वेगळे आहेत.

कामाला लागण्याआधी वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एका रकान्यावर "याच्या आधीचं नाही" असं लिहा, दुसऱ्यावर "याच्या नंतरचं नाही". सापडलेली प्रत्येक खूण यांपैकी एकाच रकान्यात जाते, आणि लोक चुकतात ते इथेच. तुळईवर टाटांचा शिक्का दिसला, तर ती तुळई १९१२ च्या आधीची नाही, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा निघू लागलं. इमारत त्याहून जुनी असून तुळई दुरुस्तीत बदललेली असू शकते. याच्या उलट उदाहरण गिरगावच्या केशवजी नाईक चाळीचं. तिथे १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, म्हणजे चाळ त्या वर्षानंतरची नाही. किती आधीची, ते ही खूण सांगत नाही. दोन्ही रकाने भरत गेले की मधली फट आपोआप अरुंद होते. गणेश मंडळाच्या फलकावरचं स्थापनावर्ष असंच वापरता येतं, फक्त मंडळ आधी शेजारच्या चाळीत होतं का, तेवढं विचारून घ्या.

बरोबर घ्यायला टॉर्च, पाच मीटरची टेप, लोहचुंबक, जाड पेचकस, जुना खिळा आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. खोलीत शिरण्याआधी भाडेकरूची परवानगी घ्या. पेचकस आणि खिळा फक्त आधीच पोपडे निघालेल्या जागी लावा.

रस्त्यापलीकडून

आधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून पूर्ण इमारत बघा, आणि ती कुठल्या रस्त्यावर उभी आहे तेही बघा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला सरळ रेषेत प्लॉट पाडले. प्लॉट चौकोनी आणि इमारतीच्या चारही भिंती रस्त्याशी काटकोनात, तर ती रस्त्यानंतरची. पण दर्शनी भाग रस्त्याच्या ओळीत आणि बाजूच्या भिंती तिरक्या पळताना दिसल्या, तर जुनी इमारत कापून तिला नवं तोंड बसवलेलं असण्याची शक्यता धरा. अशा इमारतीत पुढचा जिना आणि मागचा जिना चक्क वेगवेगळ्या काळातले असू शकतात.

मग प्रकार ओळखा. लाकडी कठड्याची लांब गॅलरी, गॅलरीला लागून एकेक-दोन-दोन खोल्या, टोकाला सामायिक संडास आणि वर मंगलोरी कौलं, ही खासगी मालकाची जुनी चाळ. ट्रस्टने बांधलेल्या त्या बीआयटी चाळी. ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन झाला, त्यामुळे त्या १८९८ ते १९३३ या पट्ट्यातच बसतात. बीडीडी चाळी ओळखायला सर्वांत सोप्या: १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या केल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्या काँक्रीटच्या बांधल्या. "जुनी चाळ म्हणजे लाकडी" हा समज इथेच मोडतो.

१९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला ओळीने दिसतात, पण त्या दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, महंमद अली रोड इथेही भरपूर आहेत. गोलाई दिलेले कोपरे, खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला काँक्रीटचा छज्जा, आडव्या समांतर रेघा, जहाजाच्या डेकसारखे नळीचे कठडे, जिन्याच्या बाजूला उभी लांब काच, गेटच्या जाळीत उगवता सूर्य आणि दर्शनी भागावर ठसठशीत अक्षरांत इमारतीचं नाव. ग. बा. म्हात्रे यांनी आखलेली मरीन ड्राइव्हची सूना महल १९३७ ची. तिच्यापुढे पाच मिनिटं उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांत बसतं. ओव्हलच्या एका बाजूच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारती यांच्या समूहाला २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. मात्र नुसत्या नक्षीवर विसंबू नका. जुन्या लाकडी चाळीला पुढून सिमेंटचा डेको मुखवटा चढवलेला असतो आणि मागे गेलं की खांब-तुळया जशाच्या तशा असतात.

घरातच संडास-बाथरूम असलेल्या जागेला मुंबईत "ब्लॉक" म्हणायची पद्धत या काळात रुळली. जुन्या भाडेपावतीवर "खोली" आहे की "ब्लॉक", हीसुद्धा एक खूण.

दुसऱ्या महायुद्धात सिमेंट आणि लोखंडावर नियंत्रण आल्यामुळे खासगी बांधकाम जवळजवळ थांबलं. साधी, बिननक्षीची, कमी उंचीच्या मजल्यांची इमारत "१९४३ ची" आहे असं कुणी सांगितलं, तर कागद बघितल्याशिवाय मानू नका.

सांगाडा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण दर्शनी भाग बदलतो, फरशी बदलते, सांगाडा सहसा पूर्ण बदलत नाही. राहत्या खोल्यांत फॉल्स सिलिंग आणि टाइल्सखाली सगळं झाकलेलं असतं, म्हणून जिन्याखालची जागा, पोटमाळा, सामायिक गॅलरीचं छत, पाण्याच्या टाकीची खोली आणि दुकानांचे माळे आधी बघा. तिथे कुणी खर्च केलेला नसतो.

लाकडी सांगाड्यात भार खांब आणि तुळया घेतात. मधल्या विटांच्या भिंती बऱ्याचदा नुसत्या भरणाच्या असतात. गिलाव्याखाली खांब लपला असेल तर ठरावीक अंतरावर उभी, सरळ भेग दिसते, कारण लाकूड आणि वीट दमट-कोरड्या हवेत सारखे हलत नाहीत. ही भेग पाहून "भिंत फुटली" म्हणून घाबरू नका. दोन भेगांमधलं अंतर मोजा, तो तुमचा खण. सगळ्या मजल्यांवर खण सारखा असेल तर वरचे मजले खालच्याबरोबरच बांधलेले असण्याची शक्यता जास्त. वरच्या मजल्यावर खण बदलला तर तो मजला नंतर चढवलेला.

तुळईवर कड्या (आडव्या बारीक तुळया), कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चुना-विटांचा कोबा आणि वर फरशी, असा तक्तपोशीचा क्रम असतो. जिन्याच्या तोंडाशी फरशीपासून खालच्या छतापर्यंतची जाडी मोजा. मूळ जाडीत आणि आत्ताच्या जाडीत फरक पडतो तो फरशीवर फरशी बसवल्यामुळे. फरशी आणि मसाला मिळून दोन इंचांचा थर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत म्हणजे एक टन जादा वजन, तेही शंभर वर्षांच्या तुळईवर. "मालकाने काही केलं नाही" ही तक्रार खरी असते, पण तुळया वाकण्यात या हौसेचा वाटाही मोठा असतो.

सागाच्या तुळईचा मधला भाग क्वचितच आधी जातो. कुजतं ते टोक, जे ओल्या भिंतीत गाडलेलं असतं आणि ज्याला हवा लागत नाही. मोरी आणि संडासाच्या बाजूची टोकं पहिल्यांदा तपासा. पेचकस दाबल्यावर अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड कुजलेलं आहे. वर कडक आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवी. ठोकताना त्याच तुळईच्या मधल्या, निरोगी भागाचा आवाज आधी ऐका, म्हणजे फरक कळेल. जुन्या लाकडात चौकोनी दांड्याचे घडवलेले खिळे असतात. गोल तारेचे खिळे नंतरचे किंवा दुरुस्तीतले.

लोखंड दिसलं तर चुंबकाने काम भागत नाही, कारण बीड (ओतीव लोखंड) आणि पोलाद दोन्हीला ते चिकटतं. आकार बघा. गोल, पोकळ, वर फुलापानांचा माथा असलेला खांब बहुधा बिडाचा आणि एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीचा. बीड दाबाला भक्कम असतं, पण वाकवलं किंवा ठोकलं तर तडकतं, आणि त्याला साधं वेल्डिंग धरत नाही. खांबाला कुणी ब्रॅकेट वेल्ड करायला निघालं तर थांबवा. आय आकाराचे गर्डर रोल केलेल्या पोलादाचे. त्यांच्या मधल्या पट्टीवर टॉर्च तिरकी धरून बघा, रंगाच्या थराखाली उठावाची अक्षरं सापडतात: डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो हे नाव बरेचदा, नंतरच्या कामात टाटा. रंग खरवडू नका, कागद ठेवून पेन्सिल घासली तरी अक्षरं उमटतात. गोल डोक्याचे रिव्हेट दिसले तर काम साधारण १९६० च्या आधीचं. वेल्डिंग दिसलं तर बहुतेक वेळा १९६९ नंतरच्या, दुरुस्ती मंडळाच्या काळातलं. गर्डरांच्या मध्ये विटांच्या बसक्या कमानी असतील तर छत खालून लाटेसारखं दिसतं. अशा छताला पंख्याचा हूक लावायला भोक पाडणं धोक्याचं, कारण कमानीची एक वीट निसटली की शेजारच्यांचा आधार जातो.

सुरुवातीच्या आरसीसीची (सळई घातलेल्या काँक्रीटची) ओळख म्हणजे तुळई खांबाला मिळते तिथे खाली दिलेला तिरकस जाड भाग. १९२० आणि ३० च्या दशकातल्या कामात तो सर्रास दिसतो, पुढे कमी होत गेला. पोपडे पडून सळई उघडी पडली असेल तर ती नीट बघा. गुळगुळीत गोल सळई मूळची असू शकते. दोरीसारखा पीळ असलेली टॉर सळई साठच्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आली, आणि चंद्रकोरीसारखे आडवे वळ असलेली टीएमटी त्याच्याही नंतर. १९३८ च्या म्हणवणाऱ्या इमारतीच्या तुळईत टॉर सापडली, तर ती तुळई किंवा निदान तिचं ते टोक नवीन आहे. ऑडिटच्या अहवालात "मूळ बांधकाम" म्हणून अशाच तुळईचे नमुने घेतलेले असतील तर अहवालाचा निष्कर्षच डळमळीत होतो.

सळई गंजली की गंजाचा आकार मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतो आणि तो आतून काँक्रीट फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत जाणारी भेग आणि तिच्या कडेचे तांबूस डाग ही गंजाची खूण. पोपडा पडायची वाट बघायची नसते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडलं की जिथे अल्कली शिल्लक आहे तिथे गुलाबी रंग येतो, जिथे ती संपली तिथे रंग येत नाही. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण गेलं. काही जण या थराच्या खोलीवरून इमारतीचं वय सांगतात. त्यात अर्थ नाही. ही खोली काँक्रीटच्या दर्जावर, दमटपणावर आणि रंगरंगोटीवर इतकी अवलंबून असते की एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वयं निघतील.

भिंतीची जाडी दारा-खिडकीच्या चौकटीत मोजा आणि दोन्ही बाजूंचा गिलावा वजा करा. तळमजल्यावर अठरा इंच, वर चौदा, अशी मजल्यागणिक कमी होणारी जाडी म्हणजे भार घेणारी भिंत. ती "फक्त पार्टिशन" म्हणून तोडता येत नाही. सगळ्या मजल्यांवर बाहेरून नऊ आणि आत साडेचार इंच असेल तर भार आरसीसी खांबांवर आहे.

मसाला चुन्याचा की सिमेंटचा, हे खिळ्याने कळतं. चुना खरवडला की भुगा पडतो, त्यात पांढरे बारीक खडे दिसतात, सुरखी (विटांची पूड) असेल तर गुलाबी झाक असते. सिमेंट करडं असतं आणि खिळा त्यावर नुसता घसरतो. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून फेस बघायची युक्ती निरुपयोगी आहे. जुन्या सिमेंटलाही थोडा फेस येतो. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडून वाळते. तिच्यावर दाट सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक इमल्शन चढवलं की ओल आत कोंडते आणि गाडलेल्या तुळयांच्या टोकांकडे वळते. दोन पावसाळ्यांत नवा गिलावा फुगतो, आणि कंत्राटदार भिंतीला दोष देतो.

बारीक खुणा

मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि वर्ष असतं. बासेल मिशनच्या कौलावरचं १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, कौल भाजल्याचं नाही. या एका आकड्यावरून कित्येक घरं साठ-सत्तर वर्षांनी म्हातारी केली गेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर हा कारभार कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला, त्या नावाचं कौल नंतरचं. शिवाय कौलं दर पावसाळ्याआधी उतरवतात, फुटली की बदलतात. एका छपरावर चार कारखाने सहज सापडतात.

फरशी सैल असेल तर उलटून बघा. मिंटनच्या नावाची रंगीत फरशी विलायतेहून आलेली. देशी नक्षीदार सिमेंट फरशी मुंबईत रुळली ती भारत टाइल्स १९२२ साली सुरू झाल्यानंतर. जिन्याच्या पायऱ्यांवर आणि लँडिंगवर मूळ फरशी टिकून राहते, खोल्यांत ती पहिली बदलते.

विजेचा पुरवठा शहरात १९०५ नंतर पसरला. लाकडी पट्ट्यांवर खिळ्यांनी बसवलेली वायरिंग आणि पितळी टोपीची गोल बटणं दिसली तर वीज इमारतीत नंतर आली की बांधतानाच, हे पट्टी कुठून जाते त्यावर कळतं: नक्षी कापून, चौकटीला भोक पाडून गेली असेल तर नंतरची. लिफ्टचं वय इमारतीचं वय समजू नका. वेगुड-ओटिस हे जोडनाव १९१४ नंतरचं, आणि जिन्याच्या मधल्या मोकळ्या विहिरीत बसवलेली जाळीची लिफ्ट पुष्कळदा मागाहून आलेली असते. मूळ आराखड्यातल्या लिफ्टसाठी विहिरीला स्वतःच्या भिंती असतात.

दुकानांच्या आणि डॉक्टरांच्या जुन्या पाट्या वाचा. पत्त्यात "मुंबई ४" असा एक-दोन आकडी विभाग असेल तर पाटी सहा आकडी पिनकोड येण्याआधीची, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची. रस्त्याचं जुनं नाव लिहून ठेवा. लॅमिंग्टन रोडचा डॉ. भडकमकर मार्ग झाला, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग, डिलाइल रोडचा ना. म. जोशी मार्ग. जुन्या कागदांत शोधताना जुनंच नाव लागतं.

मागची बाजू

समोरून इमारत जे लपवते ते घरगल्लीत उघडं पडतं. दोन इमारतींमधली ही अरुंद गल्ली मैला नेणाऱ्या कामगारांसाठी ठेवलेली असे. टोपलीच्या संडासांची खालची दारं बुजवलेली दिसली तर इमारत मलवाहिनीच्या जोडणीआधीची. मागे चिकटवलेला आरसीसीचा संडास-टॉवर, गोल लोखंडी जिना, बिडाचे पाइप, त्यांवर पीव्हीसीचे, हे सगळे थर इथे एकावर एक वाचता येतात. टॉवर आणि मूळ इमारत यांच्या सांध्यातली उभी भेग वर रुंद होत गेली असेल तर टॉवर वेगळा खचतोय. तिच्यावर दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून तारीख घाला आणि तीन महिन्यांनी अंतर मोजा. एका नजरेत निष्कर्ष काढू नका.

गॅलऱ्या खोल्यांत घेतल्या असतील तर किती खणांच्या घेतल्या ते मोजा. मूळ कठड्याचे खांब बहुधा नव्या भिंतीत तसेच असतात. लाकडी तुळयांच्या जागी घातलेले गर्डर दिसले की ती दुरुस्ती कोणत्या मजल्यावर, किती खणांत झाली ते वेगळ्या रंगाने नकाशावर दाखवा.

दगडात कोरलेलं वर्ष

वर्ष सापडलं की आनंद होतो आणि तिथेच फसगत होते. मुंबईत इमारती बांधणारे गुजराती, पारशी, मुसलमान, मराठी असे सगळेच होते आणि प्रत्येकाचं पंचांग वेगळं. १९२८ च्या डिसेंबरात विक्रम संवत १९८५, शके १८५०, पारशी शहेनशाही १२९८ आणि हिजरी १३४७ ही चारही वर्षं चालू होती. गुजराती आकड्यांतलं १९८५ इसवी सन समजलात तर इमारत सत्तावन्न वर्षांनी तरुण होते.

शकात ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चसाठी ७९. गुजराती संवतातून ५६ वजा करा. दिवाळी ते डिसेंबर या काळासाठी ५७. त्या काळच्या शहेनशाही सालात ६३० मिळवा, जानेवारी ते ऑगस्टसाठी ६३१. हिजरी साल चांद्र असल्याने त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावे लागतात आणि एखाद्या वर्षाचा फरक राहतो. नंतर तो दगड कशाचा आहे ते वाचा. कोनशिला बांधकामाच्या आरंभाची, दर्शनी भागाच्या माथ्यावरचं साल बहुधा पूर्ण झाल्याचं, आणि "अमुक यांच्या स्मरणार्थ" पाटीवरचं साल त्या माणसाच्या मृत्यूचं असू शकतं.

कागद

इथून पुढचं काम संथ आहे. आधी सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) मिळवा, तो मालमत्ता कराच्या कागदांत, जुन्या करारात किंवा शेजारच्या पुनर्विकासाच्या फलकावर सापडतो. नंबराबरोबर डिव्हिजन लागते, उदाहरणार्थ गिरगाव, भुलेश्वर, माझगाव, लोअर परळ, दादर-नायगाव. महापालिकेचा वॉर्ड आणि भूमापनाची डिव्हिजन या वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्ड लिहून अर्ज केला तर तो परत येतो.

मिळकत पत्रिका शहराच्या भूमापन कार्यालयातून काढा. तिच्यावर जमिनीचा धारणाप्रकार असतो: फझेंदारी, फोरास, टोका, पेन्शन अँड टॅक्स, किंवा भाडेपट्टा. ही जमिनीची कुंडली आहे, इमारतीची नाही, पण ट्रस्टचा भाडेपट्टा असेल तर त्याची तारीख मोलाची. अशा प्लॉटवर ठरावीक मुदतीत बांधायची अट असे, त्यामुळे पट्टा आणि इमारत यांत फारसं अंतर नसतं. पत्रिकेवर लॉटनच्या सर्वेक्षणाचा नंबरही असतो. ते सर्वेक्षण १८६५ ते १८७२ मधलं आणि त्याच्या नकाशांत इमारतींच्या बाह्यरेषा आहेत. आजची रेषा त्यावर तंतोतंत बसली तर जुना पाया तरी तोच असण्याची शक्यता मोठी.

जुनी खरेदीखतं इंग्रजीत असतात. त्यांत "मेसुएज, टेनेमेंट ऑर ड्वेलिंग हाउस" असे घर या अर्थाचे शब्द दिसले म्हणजे त्या दिवशी इमारत उभी होती असं लगेच धरू नका. वकील ते ठोकळ्यासारखे घालत. मजले, खोल्या किंवा घर क्रमांक दिलेला असेल तर ते खरं वर्णन.

महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातली पहिली करआकारणी हा "याच्या नंतरचं नाही" या रकान्यातला सर्वांत भक्कम पुरावा. मात्र मजला वाढवला की नव्याने आकारणी होते, म्हणून एकाच नोंदीवर थांबू नका, मागची पानं मागा. इमारत प्रस्ताव विभागात जुने नकाशे मिळाले तर कलम ३३७ खालची बांधकामाची सूचना शोधा. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत यांची तुलना करा. मंजुरी मिळून न बांधलेल्या इमारतीही असतात.

उपकराचा वर्ग कराच्या कागदावरून आणि म्हाडाच्या यादीवरून कळतो. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत 'अ' वर्गात, तेव्हापासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची 'ब', आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ ची 'क'. मूळ यादीत १९,६४२ इमारती होत्या, त्यांपैकी १६,५०२ 'अ' वर्गातल्या. १ सप्टेंबर १९४० ही तारीख हवेतून आलेली नाही: भाडेनियंत्रणाने प्रमाण भाडं त्या दिवसावर गोठवलं. भाडं गोठलं, मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती कोसळू लागल्या, आणि १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. म्हणून वर्गाची नोंद कराच्या सोयीसाठी केलेली आहे, इतिहासासाठी नाही. 'अ' म्हणजे १९३९ ही असेल आणि १८७९ ही. आणि उपकर नाही म्हणून इमारत १९६९ नंतरची असंही नसतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मालकीच्या किंवा केवळ मालकाच्या वापरातल्या निवासी इमारतींना तो लागत नाही.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. तिथे जाताना सी.एस. नंबर, रस्त्याचं जुनं नाव आणि अंदाजे दशक घेऊन जा. नुसतं इमारतीचं नाव घेऊन गेलात तर दिवस जातो. इमारतींची नावं मालकाबरोबर बदलतात.

घरातले कागदही विसरू नका. भाडेपावत्या, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, पोस्टकार्डं: ज्यावर पत्ता आणि तारीख दोन्ही आहे ते सगळं चालतं. प्रत्येकाचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्या, कारण पोस्टाचा शिक्का मागे असतो.

नोंद कशी करायची

इमारतीला एकच वर्ष देऊ नका. "मूळ लाकडी सांगाडा: १८९३ पूर्वी. तिसरा मजला: खण वेगळा, गर्डर टाटांचे, १९१२ नंतर. मागचा संडास-टॉवर: आरसीसी, गुळगुळीत सळई. दुसऱ्या मजल्याच्या तीन खणांत वेल्ड केलेले गर्डर: १९६९ नंतरची दुरुस्ती" अशी भागवार नोंद करा, आणि प्रत्येक ओळीपुढे पुरावा दिसलेला की ऐकलेला, ते लिहा. बरोबर मजल्यागणिक एक हाताने काढलेला नकाशा जोडा. ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला नमुने घ्यायला येण्याआधी हे चार-पाच कागद द्या आणि प्रत्येक काळातल्या भागातून निदान एक नमुना घ्यायला सांगा.